न्हाणीकडचं पांढरं अळू: तिसऱ्या पावसाळ्याची नोंद

आज सकाळी पाऊस जरा थांबला तेव्हा कुंड्या मोजल्या. अळवाच्या कंदाला फुटलेली सात पिल्लं वेगळी केली होती, त्यातल्या पाचांच्या पानांना अजून पांढरी कड आहे. एक पूर्ण हिरवं निघालं. एक उलटं निघालं, म्हणजे मध्ये पांढरं आणि कडेला हिरवं. मागच्या वर्षीच्या मानाने हे फारच चांगलं, म्हणून ही नोंद लिहायला बसले.

ज्यांनी आधीचं वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मला मुळात होस्टा हे सावलीतलं शोभेच्या पानांचं झाड लावायचं होतं. जपानी सावलीच्या बागांचे फोटो बघून त्या पट्ट्यापट्ट्यांच्या पानांचं वेड लागलं होतं. वेंगुर्ल्यात राहून होस्टाचं वेड म्हणजे वाळूत भात लावण्यातला प्रकार. हे झाड जपान, कोरिया, चीनकडचं. थंडीत जमिनीवरचं सगळं मरून जातं, कंद काही आठवडे चांगल्या गारठ्यात झोपतो आणि मग वसंतात फुटतो. आमच्याकडे जानेवारीतल्या पहाटे १६-१७ अंश झाले की लोक शाल काढतात. मी दोन कंद डिसेंबर-जानेवारीत फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवून पाहिले. एक फुटलाच नाही. दुसऱ्याने मार्चमध्ये चार पानं काढली, मे महिन्यात ती उकडल्यासारखी झाली आणि पहिल्या पावसात कंद सडला. विषय संपला.

त्याच वर्षी, म्हणजे २०२३ च्या जुलैत, न्हाणीच्या सांडपाण्यावरच्या वडीच्या अळवात एक पान वेगळं दिसलं. आमच्या सासूबाईंना आधी दिसलं खरं तर. "काय गो, ह्या पानाक चुनो लागलो काय?" म्हणून त्यांनी बोटाने पुसूनही पाहिलं. देठापासून टोकाकडे गेलेला सायीच्या रंगाचा पट्टा, जेमतेम दोन बोटं रुंद.

माझी पहिली शंका रोगाचीच होती, आणि सगळ्यांना सांगते, पहिली शंका रोगाचीच असू द्या. होस्टावाल्यांचा इतिहास यासाठी वाचण्यासारखा आहे. 'ब्रेकडान्स', 'लेपर्ड फ्रॉग' अशा नावांनी ठिपक्याठिपक्यांचे होस्टा नवीन जाती म्हणून बाजारात आले, लोकांनी हौसेने घेतले. नंतर कळलं की ती नक्षी विषाणूची आहे. होस्टा व्हायरस एक्स हा विषाणू १९९६ मध्ये मिनेसोटात ओळखला गेला. तो पसरतो रसातून, म्हणजे एकाच सुरीने दोन झाडं कापली की झालं. नवी जात समजून लोक रोग वाटत होते.

अळवातही असा एक विषाणू आहे, डॅशीन मोझॅक. मावा ही रस शोषणारी कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते आणि कंदातून तो पुढच्या पिढीत जातो. त्याची नक्षी एकदा बघितली की लक्षात राहते: शिरांच्या दोन्ही बाजूंनी फिकट पिसासारखे फराटे, कडा धूसर, जणू ओल्या कागदावर शाई फुटली आहे. गंमत म्हणजे दोन पानांवर दिसतो, मग दोन पानं स्वच्छ येतात. त्यामुळे "पुढचं पान हिरवं आलं, म्हणजे रोग नव्हता" हा हिशेब खोटा.

मग ओळखायचं कसं? मी महिनाभर नुसतं बघत राहिले आणि मला तीन गोष्टी उपयोगी वाटल्या. माझ्या पट्ट्याची कड ब्लेडने कापल्यासारखी होती. पट्टा पानावर सुरू होत नव्हता, तो खालून, देठातूनच वर येत होता. आणि पांढरं असलेली पानं झाडाच्या एकाच बाजूने येत होती, न्हाणीच्या भिंतीकडच्या. त्या बाजूचं पान आलं की पट्टा, विरुद्ध बाजूचं आलं की कोरं हिरवं. विषाणूला बाजू नसते. कंदाच्या कोंबात एका बाजूच्या पेशींनी हरितद्रव्य करणं सोडलेलं असेल तरच असं होतं.

देठाचं जरा सविस्तर सांगते, कारण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ती आहे. वडीच्या अळवाचा देठ काळपट वांगी असतो. पानात जो पट्टा सायीचा, तोच देठावर चक्क गुलाबी दिसतो, कोकम सरबतात दूध सांडल्यासारखा. वांगी रंगाचं द्रव्य वेगळं आणि हिरवं वेगळं. हिरवं गेलं, वांगी राहिलं, म्हणून खालून गुलाबी उघडं पडलं. भाजीच्या हिरव्या देठाच्या अळवात हा पट्टा आला असता तर ही मजा दिसली नसती.

मार्च २०२४: कंद कापला

अळवाच्या कंदावर कड्या असतात. प्रत्येक कडी म्हणजे एका जुन्या पानाची जागा आणि तिथे एक डोळा. देठावरचा गुलाबी पट्टा जिथे कंदाला टेकतो, ती बाजू मी खणायच्या आधीच लाल नेलपॉलिशने खुणावून ठेवली. हे केलं नसतं तर खणल्यावर सगळा कंद सारखाच तपकिरी, केसाळ. कुठली बाजू कुठली, काही कळलं नसतं.

हाताला खोबरेल चोळलं, तरी खाज आलीच. सुरी प्रत्येक कापाला विस्तवावर धरली. आठ तुकडे, प्रत्येकाला एक डोळा. कापलेल्या जागी चुलीतली राख लावून दोन दिवस पडवीत सुकवले आणि मग सोडणाचा (नारळाच्या सालीचा) भुसा, शेणखत आणि लाल माती भरलेल्या पिशव्यांत लावले.

निकाल: चार हिरवे, एक सडला, दोन पट्ट्याचे आणि एक पूर्ण पांढरा.

त्या पांढऱ्याबद्दल खूप जणांनी विचारलं होतं. पहिलं पान बघून मी स्वतः वेडी झाले होते. मोगऱ्याच्या पाकळीसारखं, आरपार उजेड दिसणारं. दुसरं पान त्याच्या निम्मं. तिसरं जेमतेम रुपयाएवढं. जुलै उजाडला तोवर पिशवीत नुसती माती होती. हिरवं नाही म्हणजे स्वयंपाकघर नाही; कंदातली शिदोरी संपेपर्यंत ते जगलं. पूर्ण पांढऱ्या कोंबावर पैसे घालवू नका, कोणी कितीही फोटो दाखवो.

दोन पट्टेवाल्यांना मी 'न्हाणी-अ' आणि 'न्हाणी-ब' म्हणायला लागले. 'अ' आईसारखाच, एका बाजूला पट्टा. श्रावणात त्याला एक हिरवं पिल्लू फुटलं आणि ते इतक्या जोमाने वाढलं की गणपतीपर्यंत मूळ झाड त्याच्याखाली दबून गेलं. चूक माझी. हिरवं पिल्लू दिसलं त्या दिवशीच काढायला हवं होतं. आज काढू, उद्या काढू करत राहिले.

'ब' मात्र निराळंच निघालं. त्याच्या प्रत्येक पानाला, बाजू कुठलीही असो, पूर्ण गोल पांढरी कड. म्हणजे कोंबाचा एक थरच्या थर पांढऱ्या पेशींचा झाला आणि आतले थर हिरवे राहिले. होस्टात ज्या कडवाल्या जाती वर्षानुवर्षं टिकल्या त्या याच घडणीच्या. पट्टेवालं पान आज आहे उद्या नाही, कडवालं बऱ्यापैकी भरवशाचं.

'ब'ची ओळख

आई-झाडाचं पान जुलैत ४२ सेंटिमीटर लांब मोजलं होतं, 'ब'चं सगळ्यात मोठं २९. आईला भर पावसात आठ-दहा दिवसांनी नवं पान येतं, याला तेरा-चौदा दिवस लागतात. कड टोकाकडे अरुंद, एक सेंटिमीटर, आणि खालच्या दोन पाळ्यांवर तीन सेंटिमीटरपर्यंत. नवीन पान उलगडताना कड पिस्त्याच्या रंगाची असते, पाचसहा दिवसांत सायीवर येते. पांढरं आणि हिरवं यांच्या मध्ये तिसरा रंग आहे, राखाडी हिरवा, सुकत आलेल्या शेवाळासारखा. तिथे वरचा थर पांढरा आणि खालचा हिरवा असा एकावर एक आहे. लांबून दिसत नाही, पान उजेडाकडे धरलं की दिसतो. माझ्या मते हाच याचा खरा दाखला. विषाणूच्या नक्षीत असे स्वच्छ तीन रंग मला अजून दिसलेले नाहीत.

आणखी एक. कडेची पांढरी बाजू हिरव्या मध्यापेक्षा हळू वाढते. त्यामुळे पान मोठं झालं की कड आत ओढली जाते आणि पानाची वाटी होते. होस्टावाले याला नाडी ओढलेल्या बटव्याची उपमा देतात आणि दोष मानतात, कारण फार ओढलं की कड फाटते. माझ्याकडे दोन पानं फाटली. पण अळवाच्या पानाला पाणी चिकटत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. साध्या पानावरून थेंब घरंगळून जातो, या वाटीत तो अडकून पाऱ्यासारखा गोल गोल फिरत बसतो. तेवढ्यासाठी मी हा दोष माफ केलाय.

मागच्या गणपतीत मुंबईहून मंडळी आली तेव्हा नणंदेने वड्यांसाठी पानं काढली. "वहिनी, कुंडीतलं ते पांढरट पान कोवळं दिसलं म्हणून पहिलं तेच घेतलं." माझ्या नोंदवहीत क्रमांक नऊ म्हणून नोंदलेलं तेच पान. तोवर त्याला बेसन, चिंच, गूळ लागून गुंडाळीही झाली होती. मी काहीतरी बोलणार इतक्यात सासूबाई म्हणाल्या, "वडी वडयेसारखीच लागता मा? मगे झाला तर." खाल्ली. वडीसारखीच लागली. कापल्यावर चकतीत एक फिकट वळसा तेवढा दिसला.

यंदा

मार्चमध्ये 'ब'ची सात पिल्लं निघाली, त्यांचा हिशेब वर दिलाच आहे. पाच कडवाली पोफळीच्या सावलीत ठेवली आहेत, सकाळचं दहापर्यंतचं ऊन मिळतं. मागच्या ऑक्टोबरात पाऊस गेल्यावर उघड्यावरच्या 'ब'च्या कडा आठवड्यात तपकिरी कुरकुरीत झाल्या होत्या. 'फ्रान्सिस विल्यम्स' नावाचा पिवळ्या कडेचा प्रसिद्ध होस्टा आहे, १९३६ मध्ये कनेक्टिकटच्या एका नर्सरीत साध्या निळसर होस्टांच्या ओळीत सापडलेला. त्याचीही कड जळते म्हणून लोक इतकी वर्षं तक्रार करतात आणि इतकी वर्षं लावतातही.

जुलैत करपा आला. अळवाला पावसात येतोच: आधी पाणी भरल्यासारखा गोल डाग, मग तो वलयावलयांनी वाढत जातो आणि डागावर सकाळी नारिंगी थेंब दिसतात. पाचांपैकी दोन कुंड्यांवर कडेपासूनच सुरू झाला. डाग दिसलेली पानं लगेच कापून जाळली, कुंड्या हातभर अंतरावर नेल्या, पागोळ्यांखालून हलवल्या. नवीन पानं स्वच्छ आहेत. फवारणी केलेली नाही, घरात हेच अळू खातात.

एक वाईट अनुभव नोंदवून ठेवते. एप्रिलमध्ये तुलनेसाठी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'व्हेरिगेटेड' (म्हणजे दुरंगी पानांचं) अळू मागवलं, चांगले पैसे मोजून. आलेल्या झाडावर शिरांलगत पिसासारखे धूसर फराटे. तीन आठवडे मांगराच्या (बागेतल्या खोपटाच्या) मागे एकटं ठेवून पाहिलं, चौथ्या पानावर मावाही दिसला. मुळासकट जाळलं. विक्रेता म्हणाला, "मॅडम, हीच तर व्हरायटी आहे." नवीन झाड घरात आलं की आधी एकांतवास, हे मी आता कोणासाठीही मोडणार नाही.

'ब'च्या नावाबद्दल. तिघांनी नावं सुचवली, एकाने तर विकत घ्यायची तयारी दाखवली. मी अजून नाव देणार नाही. आपल्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्यातही नव्या वाणाच्या कसोट्यांत या तीन आहेत: बाकीच्यांपासून वेगळेपण, सगळ्या झाडांत सारखेपण, आणि पिढ्यांमागून पिढ्या टिकणं. नोंदणीला जायचा माझा विचार नाही, पण कसोट्या शहाण्या आहेत. वेगळेपणात 'ब' पास आहे. सातात पाच म्हणजे सारखेपणात काठावर. टिकण्याबद्दल बोलायला एक पिढी फार कमी. पुढच्या मार्चमध्ये या पाचांची पिल्लं वेगळी करीन तेव्हा आकडा बघू. उलटं निघालेलं, मध्ये पांढरं असलेलं, मी स्वतंत्र ठेवलंय. त्याचं पान देखणं आहे, पण मधला भागच पांढरा असल्याने वाढ अगदी रडतखडत. दोन महिन्यांत तीन पानं.

तोवर पिल्लं मागू नका, देणार नाही. अदलाबदलीसाठी कोणाकडे हिरव्या देठाच्या भाजीच्या अळवात असा पट्टा आला असेल तर देठाच्या बुंध्याचा फोटो जरूर पाठवा, पानाचा नको.

गणपतीला थोडेच दिवस राहिलेत, सगळ्या कुंड्या उद्या मांगरात हलवायच्या आहेत. हिरवं निघालेलं पिल्लू न्हाणीकडे परत लावलं. ते वडीसाठी.