मोतीबिंदू, सिलिंडरचा नंबर आणि लेन्सची निवड

आईला तरुणपणापासून सिलिंडरचा नंबर (डोळ्याच्या असमान वक्रतेमुळे येणारा चष्म्याचा नंबर) असल्याने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत कोणती लेन्स बसवायची, हा प्रश्न आमच्याकडे चांगलाच गुंतागुंतीचा झाला. खानापूर तालुक्यातून बेळगावला तपासणीस गेलो तेव्हा साध्या, टोरिक (सिलिंडरचा नंबर भरून काढणाऱ्या) आणि मल्टिफोकल (जवळचे-दूरचे दोन्ही दाखवणाऱ्या) लेन्सचे दर लगेच सांगण्यात आले. हा नंबर डोळ्याच्या कोणत्या भागात आहे, हे मात्र आम्हांलाच विचारावे लागले.

माझ्या मते निवड त्यावरच ठरते. चष्म्यातला सिलिंडर कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, असमान वक्रतेमुळे येतो, तसाच काही अंशी डोळ्यातील नैसर्गिक भिंगामुळेही येतो. गढूळ झालेले भिंग काढले की त्याचा वाटा संपतो आणि कॉर्नियाचा तेवढा उरतो. आईच्या चष्म्यात २.२५ होता, कॉर्नियाच्या मोजणीत १.५० निघाला. डोळे कोरडे असले तर ही मोजणी फसते, म्हणून डॉक्टरांनी आधी थेंब देऊन काही दिवसांनी ती पुन्हा केली, याचे मला फार समाधान वाटले.

टोरिक लेन्स ठरलेल्या अक्षावरच बसावी लागते. ती एक अंश फिरली तरी सुमारे ३.३ टक्के परिणाम कमी होतो आणि ३० अंश फिरली तर तिचा उपयोगच उरत नाही. आडवे झाल्यावर डोळा किंचित फिरतो, त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी आईला ताठ बसवून, "आजी, समोर बघा, मान हलवू नका," असे सांगत बुबुळाच्या कडेला शाईच्या बारीक खुणा केल्या.

मल्टिफोकलने चष्मा बराचसा सुटतो, पण रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. "सुईत दोरा ओवायला चष्मा लागला तरी चालेल, पण अंधारात पायरी नीट दिसली पाहिजे," असे आई म्हणाली आणि आम्ही दूरच्या नजरेची टोरिक मोनोफोकल (एकाच अंतरासाठीची) लेन्स निवडली.

संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल, तर सही करण्यापूर्वी ते मराठीत समजावून घ्यावे आणि लेन्स फिरल्यास ती जागेवर आणण्याचा खर्च कोणाकडे, हेही विचारावे. लेन्स फिरते ती बहुधा पहिल्या काही दिवसांतच, त्यामुळे गाव लांब असले तरी फेरतपासणी चुकवू नये.