आमची वाटचाल : कुंडलिकेच्या काठी, रेघेच्या वर

रायगडातल्या कोलाडला कॅम्प टाकायला येणारा पहिल्याच फेरीत नेमक्या चुकीच्या जागेच्या प्रेमात पडतो. संध्याकाळी कुंडलिकेचं पात्र निम्मंअधिक उघडं असतं. गोटे, मऊ वाळू, दहा पावलांवर पाणी. फोटोला याहून चांगली जागा नाही. पण ही नदी उन्हाळ्यात वाहते ती भिऱ्याच्या वीजघरामुळे. मुळशी धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याला येतं, तिथे वीज करतं आणि कुंडलिकेत सुटतं. विजेची मागणी असेल तसं पाणी वाढतं. कोलाडचं सकाळचं राफ्टिंग याच पाण्यावर चालतं. आभाळात ढग नाही म्हणून पात्रात झोपायला हरकत नाही, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

आम्हाला हे शिकवलं आबांनी. जागा त्यांची, आठ टेंट आमचे, अशी भागीदारी होती. पहिल्या दिवशी त्यांनी काठावरच्या उंबराच्या मुळांत अडकलेला पालापाचोळा दाखवला. नदी गाळ आणि काडीकचरा जिथे सोडते ती तिची रेघ. ‘हिच्याखाली भांडी घासा, पाय सोडून बसा, पण झोपू नका.’ त्या रेघेपासून उभ्या माणसाच्या उंचीएवढं वर आम्ही पहिला टेंट लावला. तिथून पाणी दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. पुढची वर्षं नीट गेली, आठाचे चाळीस टेंट झाले.

मग शेजारी दुसरा कॅम्प आला. नाव घेत नाही, इथल्यांना माहीत आहे. त्यांनी टेंट थेट वाळूत लावले आणि ‘नदीला अगदी लागून’ अशी जाहिरात केली, दर आमच्याहून माणशी तीनशेने कमी. आमची गिऱ्हाइकं फोनवर विचारायची, तुमचा टेंट पाण्यापासून इतका लांब का? कारण सांगितलं की म्हणायची, मग तिकडे कसे लावतात? त्या मोसमात आमचे निम्मे शनिवार रिकामे गेले. एका पहाटे पाणी लवकर आलं आणि त्यांच्या खालच्या रांगेतल्या टेंटमध्ये घोट्यापर्यंत चढलं. माणसं बाहेर काढायला आमचीच पोरं धावली. पुढच्या शनिवारी टेंट पुन्हा त्याच वाळूत होते. याचा सल अजून गेलेला नाही.

आमची पोपटीही त्यांनी मेन्यूत घेतली, ती एप्रिलमध्ये. पोपटी वालाच्या शेंगांची, आणि शेंगा थंडीतल्या. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन केळीच्या पानात बांधून, वर पुन्हा पाला गच्च दाबून मडकं उपडं, भोवती पेंढा आणि काटक्यांचा जाळ. अर्ध्यापाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्रकन वाळलं की झाली. भांबुर्ड्याऐवजी भलताच पाला कोंबला तर कडू वास लागतो आणि नाव पोपटीचं खराब होतं.

आम्ही खरे बुडायला आलो ते 2020 मध्ये. मार्चअखेरीस टाळेबंदी लागली. एप्रिल-मेचं सगळं बुकिंग रद्द झालं आणि घेतलेला आगाऊ परत करायचा होता. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडात आलं. टेंट कोठीच्या माळ्यावर, वर सिमेंटचे पत्रे. वारा उघड्या दारातून आत शिरला आणि पत्रे आतून उचलले गेले. पत्रा वरच्या वजनाने टिकत नाही, हुकाने टिकतो, आणि आमचे हुक गंजलेले होते. टेंट भिजले. त्यानंतर वीज नाही, मग पावसाळाच लागला, वाळवायला जागा नाही. तीन आठवड्यांनी गुंडाळ्या उघडल्या तेव्हा फ्लायच्या, म्हणजे टेंटवर ताणायच्या पावसाच्या कापडाच्या, आतला थर चिकट होऊन सोलायला लागला होता. चाळिसातले सत्तावीस गेले. पोल आणि झिपची कुलपं तेवढी काढून ठेवली.

तेव्हा पुण्याच्या एका शाळेच्या सरांना त्यांचा आगाऊ परत करायला म्हणून फोन केला. ते पाचवी-सहावीची मुलं दर डिसेंबरात आणायचे, आधी येऊन रेघ स्वतः बघून जायचे. म्हणाले, ‘पैसे राहू द्या, मुलं येतील तेव्हा वळते करा.’ त्या पैशांतून कोठीचे पत्रे आणि नवे हुक झाले.

नवे टेंट घेणाऱ्यांनी एवढं करावं. सोबत येणाऱ्या बारीक खुंट्या बाजूला ठेवा. आम्ही लोहाराकडून आठ मिलिमीटर सळईच्या फूटभर खुंट्या करून घेतो, वरचं टोक वाकवलेलं. ठोकताना वरचं टोक टेंटपासून लांब कललेलं हवं, सरळ ठोकली की ताणाने उपटते. वाळूत खुंटी धरतच नाही. पिशवीत वाळू भरून दोरी बांधायची आणि पिशवी हातभर खोल पुरायची. खाली अंथरायची ताडपत्री टेंटच्या बुडापेक्षा वीतभर लहान. कडा बाहेर राहिल्या तर दव आणि पाऊस त्यावरून थेट आत जातो. डिसेंबरात सकाळी ‘टेंट गळतो’ अशी तक्रार येते. तो श्वासाचा ओलावा असतो. फ्लाय आतल्या कापडाला टेकू देऊ नका आणि खिडक्या पूर्ण बंद करू नका. शेगडी तर आत नेऊच नये, बंद टेंटमध्ये कोळशाचा धूर दिसत नसला तरी माणूस मारतो. मार्च 2017 मध्ये भिऱ्याला पारा 46.5 अंशांवर गेला होता, म्हणून उन्हाळ्यात टेंट मांडवाखालीच. आंब्याखाली लावायचा असेल तर आधी वाळक्या फांद्या काढा. आणि ओला टेंट गुंडाळून गाडीत टाकू नका. पाऊस असला तरी घरी जाऊन त्याच रात्री दोरीवर टाका.

सर आता निवृत्त झालेत. शाळा अजून येते, नव्या बाई येतात. पहिल्या वर्षी त्यांनीही विचारलं, टेंट नदीपासून इतके लांब का? त्यांना उंबरापाशी नेलं. आबा नाहीत, पण मुळांत यंदाचा पाला अडकलेला होता.