लाईट फडफडत होते आणि मी बिचाऱ्या लाईटलाच शिव्या घालत होतो

आमच्या ग्रुपच्या नाटकांचं लाईटिंग मी करतो. एका प्रयोगात डिमर (लाईटचा उजेड कमीजास्त करणारा) वर नेला की ट्रसवरच्या, म्हणजे लाईट टांगायच्या धातूच्या सांगाड्यावरच्या, एलईडी पार फडफडायला लागायच्या, मूव्हिंग हेड (फिरत्या मानेचा लाईट) तर मनाला येईल तिकडे मान फिरवायचं. मी दोन लाईट बदलले, प्रत्येक लाईटचा अ‍ॅड्रेस (त्याचा नंबर) तपासला, लाईट चालवायचा डेस्क रीस्टार्ट केला, ढिम्म फरक नाही!

मग केबलकडे वळलो. निम्म्या केबल माईकच्या निघाल्या. प्लग बसतो म्हणून कोणीतरी लावलेल्या (कोणीतरी म्हणजे मीच). डीएमएक्स, म्हणजे डेस्ककडून लाईटना हुकूम नेणारा सिग्नल, सेकंदाला अडीच लाख बिट पाठवतं, त्याला १२० ओहमची ट्विस्टेड पेअर (पीळ दिलेल्या दोन वायरींची केबल) लागते, माईकची केबल छोट्या सेटअपला निभावून नेते आणि लांबी वाढली की दगा देते.

त्या बदलल्या, तरी फडफड थोडी उरलीच. शेवटी वैतागून एक एक केबल दोन्ही टोकांनी सोडवली, मल्टिमीटर कंटिन्युटीवर टाकला (जोड असला की वाजतो), एक प्रोब १ नंबरच्या, म्हणजे शील्डच्या (वायरींभोवतीच्या आवरणाच्या) पिनला आणि दुसरा कनेक्टरच्या बॉडीला. टीSSS. वाजायलाच नको होतं ना! उघडून बघतो तर शील्डच्या पिनपासून बॉडीच्या टॅगपर्यंत वायरचा इवलासा तुकडा, नीट डाग देऊन जोडलेला, ऑडिओवाल्यांची सवय. म्हणजे कनेक्टर ट्रसला टेकला की शील्ड तिथेच अर्थ होणार, आणि डेस्कचं अर्थिंग वेगळ्या पॉइंटवरून, मग दोन्हीतल्या फरकाचा करंट शील्डमधूनच धावणार, हाच तो ग्राउंड लूप. तो तुकडा कापला आणि डिमर वर केल्यावर होणारा तमाशा थांबला.

इथे एक सांगतो, लूप तोडायला कोणी लाईटच्या पॉवर प्लगची अर्थ पिन काढायला सांगेल, अजिबात ऐकू नका, शॉक बसून माणूस जाईल. डिमर आणि ट्रसच्या लाईनसाठी मी ऑप्टो आयसोलेटेड स्प्लिटर घेतला (सिग्नल वाटून देतो, पण लाईनींचा विजेचा संबंध तोडतो). वाय केबल करून लाईन फोडायचा जुगाडही तेव्हाच बंद केला, एकातून दुसऱ्यात अशी साखळीच, आणि एका लाईनवर जास्तीत जास्त ३२ उपकरणं.

टर्मिनेटर (सिग्नल टोकावरून उलटा फिरू नये म्हणून लाईनच्या शेवटी लावायचा प्लग) घरीच बनवला, मेल कनेक्टरमध्ये २ आणि ३ च्या मध्ये १२० ओहमचा रेझिस्टर, शेवटच्या लाईटच्या आऊटमध्ये खोचायचा. आता सेटिंगला लाईट बंद असताना डेस्ककडचं टोक काढून २-३ मध्ये मीटर लावतो, १२० च्या आसपास आलं तर चहाला जातो, फारच जास्त आलं तर कुठेतरी वायर तुटलीये नाहीतर टर्मिनेटर माझ्याच बॅगेत राहिलाय.