सॉकेटमधून 'नमस्कार' पाठवताना

वेब फ्रेमवर्कवर काम करताना खाली नेटवर्क कसं चालतं हे बघायची वेळच येत नाही. मला ते बघायचं होतं. म्हणून पायथनमध्ये सॉकेट, म्हणजे दोन प्रोग्रॅममधल्या नेटवर्क जोडणीचं टोक, वापरून एक सर्व्हर आणि एक क्लायंट लिहायला घेतला, दोन्ही माझ्याच लॅपटॉपवर, १२७.०.०.१ या पत्त्यावर.

सुरुवात सोपी गेली. सर्व्हरच्या बाजूला बाइंड (पत्ता ठरवणं), लिसन (जोडणीसाठी कान देणं), अ‍ॅक्सेप्ट (आलेली जोडणी स्वीकारणं); क्लायंटच्या बाजूला कनेक्ट (जोडणी मागणं). १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्सपासून ही नावं चालत आली आहेत, त्यामुळे सी मधली जुनी उदाहरणंही सहज वाचता येतात. अ‍ॅक्सेप्ट दर क्लायंटमागे नवं सॉकेट देतं, ऐकणारं सॉकेट वेगळंच राहतं, एवढं मात्र पक्कं समजून घ्या.

खरी गंमत पुढे आहे. ही सॉकेट्स ज्या नियमांनी डेटा पाठवतात त्या टीसीपीला मेसेज ही गोष्टच ठाऊक नाही, त्याच्याकडे असतो तो बाइटचा सलग प्रवाह. दोनदा पाठवलेलं एकदम मिळू शकतं, एकदा पाठवलेलं तुकड्यातुकड्यांत. हे डोळ्यांनी बघावं म्हणून मी 'नमस्कार' पाठवला आणि रिसीव्हवर मुद्दाम १० बाइटची मर्यादा घातली. यूटीएफ-८ या अक्षरांचे बाइट करायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, आणि पाय मोडायची खूण नि काना हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं. म्हणजे 'नमस्कार'चे २१ बाइट. पहिल्या १० मध्ये न, म, स पूर्ण आले आणि पाय मोडायच्या खुणेचा जेमतेम एक बाइट. बाइटची पुन्हा अक्षरं करणारं डीकोड तिथेच युनिकोड एरर देऊन थांबलं. रोमन अक्षरांत 'हॅलो' पाठवला असता तर यातलं काहीच दिसलं नसतं. चाचणी मराठीत करा, असं मी नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगतो ते यासाठीच.

उपाय असा: आधी ४ बाइटमध्ये मजकुराची लांबी पाठवायची, बिग-एंडियन क्रमाने (सर्वात मोठ्या किमतीचा बाइट आधी), आणि ती अक्षरांची नव्हे तर बाइटची. पलीकडे तेवढे बाइट जमेपर्यंत लूपमध्ये वाचत राहायचं, मगच डीकोड. त्या पहिल्या ४ बाइटसाठीही हाच लूप वापरायचा. पाठवताना सेंडऐवजी सेंडऑल, कारण सेंड अर्धवट पाठवूनही परत येऊ शकतं. रिसीव्हकडून रिकामे बाइट आले, तर समोरच्याने कनेक्शन बंद केलं असं समजून बाहेर पडायचं. ही तपासणी नसेल तर लूप फिरतच राहतो.

सर्व्हर बंद करून लगेच चालू केला की 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' येतं. जुनं कनेक्शन टाइम-वेटमध्ये असतं, म्हणजे बंद झाल्यावरही सिस्टिम ते काही वेळ राखून ठेवते. बाइंडच्या आधी रीयूज-अ‍ॅड्रेसचा पर्याय लावला की काम भागतं.

आता दर क्लायंटला वेगळा थ्रेड (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारा धागा) दिलाय आणि दोन टर्मिनलमधून एकाच वेळी मराठी मजकूर व्यवस्थित जातो. पुढे सिलेक्ट, म्हणजे कोणत्या सॉकेटवर काही आलंय ते सांगणारं फंक्शन, शिकायचंय; मग एकाच थ्रेडमध्ये सगळी सॉकेट्स सांभाळता येतील.