एल्क हेअर कॅडिस: पंख अखेर जागेवर बसला

एल्क हेअर कॅडिसचा पंख बसला! बरोबर वर, गळाच्या दांडीच्या मध्यावर, आणि अंगठ्याने रेटून पाहिला तरी हलत नाही. वूली बगर आणि फेझंट टेल या फ्लाय (गळावर केस-पिसं बांधून केलेली नकली आमिषं) हाताखालून गेल्या, आता कोरड्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायकडे वळतोय, असं मागच्या वेळी लिहिलं होतं. त्यानंतर मी गप्प होतो तो या एका पंखापायी.

खरं तर पंखापर्यंतचं सगळं छान जमत होतं. १४ नंबरचा गळ, डबिंगचं (दोऱ्यावर वळलेल्या लवेचं) सडसडीत अंग, नेढ्याकडून मागच्या बाकापर्यंत गुंडाळत नेलेलं तपकिरी हॅकल (कोंबड्याचं पीस), आणि मागून पुढे येताना पिसाच्या देठाला जागोजाग आडवी दाबत जाणारी बारीक तार. अल ट्रॉथ यांनी ही फ्लाय १९५७ मध्ये बांधली. त्यांची ही तारेची योजना मला सगळ्यात जास्त आवडते. माशाच्या दाताने देठ एका ठिकाणी तुटला तरी बाकीचं हॅकल उलगडत नाही, तार त्याला धरून ठेवते.

घोडं अडायचं पंखाशी. एल्कच्या केसांचा झुपका मोजून धरला, दोन सैल वेढे घातले, तिसऱ्याला ताण दिला की अख्खा झुपका दांडीवरून घसरत पलीकडच्या कुशीला जायचा. जोर लावावा तर केस सगळीकडे फिसकारायचे, जोर कमी करावा तर पंख हातात यायचा. अशी फ्लाय पाण्यावर कलंडते. त्याहून वाईट म्हणजे फेकताना हवेत गरगर फिरते आणि टिपेटला, म्हणजे फ्लाय बांधलेल्या दोरीच्या शेवटच्या बारीक भागाला, पीळ घालते. ५एक्स टिपेट म्हणजे जेमतेम ०.१५ मिलिमीटर जाडी, ते लगेच गुंतायला लागतं.

नेहमीचे उपाय करून झाले होते. केसांच्या बुडाशी असलेली लव विंचरून काढली (ही पायरी कोणीही गाळू नये, लव राहिली की केस एकमेकांवर घसरतात आणि पकड येत नाही). स्टॅकरमध्ये (केस जुळवायच्या नळीत) ठोकून टोकं एका रेषेत आणली. पंखाच्या जागी आधी दोऱ्याची बैठक घातली. झुपका किंचित माझ्याकडे कलता धरला, म्हणजे दोऱ्याच्या ओढीने तो सरकत मध्यावर येईल. फरक पडत होता, पण भरवसा नव्हता. एक पंख बसे, पुढचा फिरे.

मग संशय केसांवर गेला, आणि तो अगदीच खोटा नव्हता. एल्क या मोठ्या हरणाचा केस आत पोकळ असतो, बुंध्याकडे जास्त आणि टोकाकडे कमी. लांब केस असला तर आपली बांधायची जागा टोकाजवळच्या भरीव भागात येते, तिथे तो शांत राहतो. आखूड केस असला तर तीच जागा पोकळ भागात येते आणि दोरा आवळताच केस उभे राहतात. मला आलेल्या पाकिटात दोन्ही प्रकारचे केस एकाच तुकड्यावर होते, वर निम्मी टोकं मोडलेली. पाकिटावर नुसतं ‘एल्क’ लिहून पाठवणाऱ्या विक्रेत्यांचा मला मनापासून राग येतो. अंगाच्या कुठल्या भागाचे केस आहेत, लांबी किती, एवढं तरी लिहावं. शक्य असेल तिथे तुकडा उजेडात धरून टोकं शाबूत आहेत का ते पाहूनच घ्या.

पण खरी गोम दोऱ्यात होती. दांडीभोवती घातलेल्या प्रत्येक वेढ्यागणिक दोऱ्याला एक पीळ चढतो. बैठक, तार, डबिंग, हॅकल एवढं होऊन पंखाची पाळी येईपर्यंत तो चांगलाच पिळलेला असतो. पिळलेला दोरा गोल आणि ताठ होतो. असा दोरा पोकळ केसांवर आवळला की तो सुरीसारखा एकाच रेषेत रुततो, केस फिसकारतात आणि उरलेला जोर झुपक्याला फिरवण्यात जातो.

उपाय अगदी सोपा आहे. पंख धरण्याआधी बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरणारं हत्यार) मोकळं लोंबू द्यायचं आणि वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचं. हे उजव्या हाताने बांधणाऱ्यांसाठी, डावखुऱ्यांनी दिशा उलटी घ्यावी. भिंगातून बघत राहिलं तर दोऱ्याचे तंतू हळूहळू सुटे होऊन शेजारी शेजारी पसरतात आणि दोरा फितीसारखा चपटा होतो. पीळ उरलाय का हे बघायला दोरा जरा ढिला सोडावा, स्वतःभोवती वळसा घेतला तर अजून फिरवायला हवं. चपट्या दोऱ्याचे दोन सैल वेढे, मग सरळ खाली ओढ, आणि चिमूट न सोडता त्याच जागी आणखी चार वेढे. केस दबतात, कापले जात नाहीत. बुंधे नेढ्यावर तिरपे कापले की तो छोटा चौकोनी माथाही आपोआप नेटका येतो.

बांधलेली पहिली सरळ फ्लाय घेऊन पाण्यावर गेलो. टिपेट शेवटपर्यंत सरळ राहिलं. खळखळत्या पाण्याच्या कडेने फ्लाय वाहत असताना एका लहानशा ट्राउटने ती घेतली. मासा सोडला, फ्लाय फुंकून वाळवली आणि पंख तपासला. जसाच्या तसा! तो आनंद मला शब्दांत नीट मांडता येत नाही.

दोऱ्यांवरचे ६/०, ८/० हे जाडीचे आकडे मी आता बघत नाही, प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं. डेनियर पाहावं, ते ९००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन असतं, त्यामुळे तुलना तरी होते. ७० डेनियरचा न पिळलेला दोरा या फ्लायला उत्तम. आणि बॉबिनची नळी सिरॅमिकचीच घ्या. धातूच्या नळीच्या तोंडाला बारीकशी धार राहिली असली तरी चपटा पसरलेला दोरा उसवतो.

पुढे अॅडम्स ही फ्लाय बांधायची ठरली होती, ग्रिझली (पट्टेदार) आणि तपकिरी हॅकलही काढून ठेवलंय. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, केस असे पक्के धरता येत असतील तर आधी कॉम्पॅराडन का नको? कॉची आणि नास्तासी यांनी तयार केलेल्या त्या फ्लायला हॅकलच नसतं, हरणाच्या केसांचा अर्धगोल उभा पंखच तिला तरंगवतो. म्हणजे सगळी मदार याच बांधणीवर. अॅडम्स थांबेल. १६ नंबरच्या गळावर सुरुवात करतोय. तिथे केस उभे करताना पंखापुढे दोऱ्याचा बांध घालावा की डबिंगचा, हे ज्यांनी दोन्ही करून पाहिलंय त्यांनी जरूर सांगा.