घडीच्या दस्त्याची रायफल: टेक्ससमधला माझा अनुभव

अमेरिकेत कुणीही दुकानात शिरतो आणि बंदूक घेऊन बाहेर पडतो, असं आपल्याकडे सर्रास मानतात. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाने करून बघावं! नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला इथल्या केंद्रीय कायद्याने शस्त्र बाळगायला मनाई आहे. अपवाद मोजके, त्यातला एक शिकारीच्या वैध परवान्याचा. ओळखीतले काहीजण त्या वाटेने गेलेही. मला शिकारीत रस नाही. एनसीसीच्या कॅम्पात पालथं पडून पॉइंट टू-टू (लहान गोळीची रायफल) चालवली तेव्हापासून निशाण्याचं वेड तेवढं आहे. म्हणून ग्रीन कार्ड येईपर्यंत गप्प बसलो.

घेतली ती सर्बियात बनलेली एम७०. एके-४७च्या घराण्यातली, सेमी-ऑटोमॅटिक (चाप एकदा ओढला की एकच गोळी), गोळी ७.६२ बाय ३९ मिलिमीटरची. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, खालून दुमडणारा. मागे डाव्या अंगाला एक जाड बटण असतं. ते दाबलं की दोन लोखंडी पट्ट्या खालून फिरतात आणि मॅगझिनच्या (गोळ्यांच्या पेटीच्या) दोन्ही बाजूंना येऊन बसतात. खरं सांगतो, त्या खटक्याच्या आवाजावरच भाळलो.

टेक्ससमध्ये रायफलीसाठी राज्याचा वेगळा परवाना नाही. दुकानात फॉर्म ४४७३ हा केंद्राचा खरेदीचा फॉर्म भरायचा. शस्त्र स्वतःसाठीच घेताय का, गुन्हा शाबीत झालाय का, गांजा ओढता का (तुमच्या राज्यात चालत असला तरी केंद्राला चालत नाही, हे फॉर्मवरच बजावलेलं आहे), आणि आपल्यासारख्यांना ग्रीन कार्डावरचा नंबर. मग दुकानदार एफबीआयच्या निक्स या पूर्वेतिहास तपासणाऱ्या यंत्रणेकडे विचारणा करतो. उत्तर तीनांपैकी एक: प्रोसीड, डिनाइड किंवा डिलेड. नागरिक नसलेल्यांच्या इमिग्रेशनच्या नोंदीही पाहतात. मला डिलेड आलं. कामकाजाचे तीन दिवस उलटूनही नकार आला नाही तर दुकानदार शस्त्र देऊ शकतो, पण द्यायलाच हवं असं नाही. आमचा दुकानदार म्हणाला, "प्रोसीड दिसल्याशिवाय मी देत नाही." मला त्याचं पटलं. पुढे प्रोसीड आलं.

बायकोची अट एकच: आधी तिजोरी, मग रायफल. कायदाही तिच्याच बाजूने आहे. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागेल असं ठेवणं टेक्ससमध्ये गुन्हा आहे. किल्ली कुठे असते ते पोरांना माहीत नाही.

नेमबाजीच्या रेंजवर मात्र दस्त्याचा सगळा तोरा उतरला. पत्र्याची पट्टी गालाला टोचते, खांद्यावरचा भाग अरुंद, आणि या धाटणीच्या दस्त्यात थोडी हालचाल असतेच. दुमडूनही गोळी सुटते, पण नेम कसला धरणार? आधारच नाही. झीरो करताना, म्हणजे नेम आणि गोळी जुळवताना, एनसीसीतलं गणित कामी आलं: गोळ्या खाली लागत असतील तर फोरसाइटची (नळीच्या टोकाकडच्या नेमखुणेची) खुंटी खाली पिळायची, वर लागत असतील तर वर. शंभर यार्डांवर चार इंचांच्या घोळक्यात गोळ्या पडल्या की मी खूश. रेंजवाला लोहचुंबक घेऊन आधी काडतुसं तपासतो; पोलादी गाभ्याची गोळी चालत नाही. २०२१ मध्ये रशियन दारूगोळ्याच्या नव्या आयातीला अमेरिकेने चाप लावला, त्यामुळे माझ्या रायफलीची गोळी पूर्वीसारखी स्वस्त राहिलेली नाही. निशाणेबाजीच करायची असेल तर साधा लाकडी, न हलणारा दस्ता घ्या, असं मी नव्या माणसाला सांगतो.

आणि राज्य ओलांडताना तर डोळे उघडे ठेवाच. केंद्राचा नियम नळी किमान १६ इंच आणि एकूण लांबी २६ इंच, तीही दस्ता उघडून मोजलेली. कॅलिफोर्नियात सुट्या मॅगझिनच्या सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका बसणाऱ्या) सेमी-ऑटोमॅटिक रायफलीला घडीचा दस्ता असला की तेवढ्यावरच ती 'असॉल्ट वेपन' ठरते. टेक्ससमध्ये कुणी विचारत नाही, तिथे गुन्हा. सॅन होजेच्या मित्राने "घेऊन ये की, आमच्या रेंजवर जाऊ" म्हणून गळ घातली. मी गेलो, तिथल्या रेंजवरची भाड्याची पॉइंट टू-टू चालवली आणि मिसळ खाऊन परत आलो.