लागलं का तुमचं अस्वल?

रविवारी दुपारी जेवण अंमळ जास्त झालं होतं, झोप येत नव्हती आणि फोनने आपणहून एक सिनेमा पुढे केला. पोस्टरवर उंच झाडं, एक तंबू आणि झाडांच्या मधोमध काहीतरी काळपट. दीड तासाची निश्चिंती झाली. घरच्यांना हे नवीन नाही. ‘लागलं का तुमचं अस्वल?’ एवढंच विचारून मंडळी आत गेली. ते अस्वल नव्हे, बिगफूट, म्हणजे अमेरिकेतल्या रानात दोन पायांवर हिंडतो म्हणतात तो केसाळ प्राणी, हा खुलासा मी हल्ली करत नाही.

या सिनेमांची गोष्ट आधीच ठाऊक असते. कॅलिफोर्निया नाहीतर वॉशिंग्टन राज्यातलं रान. तिकडे निघालेली चार तरुण पोरं. पेट्रोलपंपावरचा म्हातारा म्हणतो जाऊ नका, म्हणून ती जातात. फोनला रेंज नसते, आणि दिवसभर चालून सगळे पुन्हा त्याच पडलेल्या ओंडक्यापाशी येतात. चकवा लागला की जागीच बसावं आणि निवांत विडी ओढावी, असा साधा उपाय आमचे आजोबा सांगायचे. ही पोरं बसत नाहीत, पळतात. आणि पळताना एक जण हातातला कॅमेरा सोडत नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी असतो तर आधी कॅमेरा टाकला असता, मग चपला.

माझं ठाम मत आहे की या सिनेमांना पैसे जितके कमी मिळतील तितकं बरं. पैसे आले की तो प्राणी दाखवायचा मोह होतो, आणि दाखवला की संपलं. बॉबकॅट गोल्डथ्वेटच्या २०१३ सालच्या ‘विलो क्रीक’मध्ये तंबूत बसलेली दोन माणसं एकाच शॉटमध्ये जवळजवळ १९ मिनिटं दिसतात. बाहेर लाकडावर काहीतरी आपटतंय, कुणीतरी ओरडतंय. दिसत काहीच नाही. त्या १९ मिनिटांत मी दोनदा दाराची कडी बघून आलो, तेही भर दुपारी, तिसऱ्या मजल्यावर.

पण माझा जीव जडलाय तो १९७२ सालावर. आपल्याला ते दुष्काळाचं साल म्हणून आठवतं. तिकडे टेक्सारकाना गावच्या चार्ल्स पीअर्स नावाच्या एका जाहिरातवाल्याने ट्रक कंपनीकडून पैसे उसने घेतले, हायस्कूलची पोरं मदतीला धरली आणि अर्कान्सॉमधल्या फाउक या खेड्यात जाऊन ‘द लेजंड ऑफ बॉगी क्रीक’ काढला. खर्च दीड-पावणेदोन लाख डॉलर, कमाई म्हणे दोन कोटींच्या वर. गावातली काही माणसं त्यात स्वतःच्याच भूमिकेत आहेत. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नाही. विहिरीला यंदा पाणी किती लागलं हे सांगावं तशा सुरात ती त्या केसाळ प्राण्याबद्दल सांगतात. अभिनय येत नसल्यामुळे खोटंही बोलता येत नसावं, असं बघताना वाटत राहतं.

त्याच वर्षी आपल्या रामसे बंधूंनी अख्खं कुटुंब महाबळेश्वरला नेऊन काढलेला भुताचा सिनेमा ‘दो गज जमीन के नीचे’ थिएटरांत लागला. पुढे १९९१ मध्ये त्यांनी हिममानवही पडद्यावर आणला. रामसेंना मात्र दाखवल्याशिवाय राहवत नसे. आमच्या गल्लीत रात्रभरासाठी व्हीसीआर भाड्याने यायचा, तेव्हा हडळ आली की बायका शेंगा सोलता सोलता खो खो हसायच्या. मी हसायचो नाही. मला आतल्या माणसाची काळजी वाटायची.

कारण आतला माणूस मी स्वतः होतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी जांबुवंत. हनुमानाला त्याच्या शक्तीची आठवण करून द्यायची, एवढंच काम. गोणपाटाचा अंगरखा शिवून त्यावर नारळाचा काथ्या खळीने चिकटवला होता. तो मानेत टोचायचा, घामाने खळ सुटायची आणि मी चालेन तिथे केस गळायचे. मुखवट्याच्या डोळ्यांची भोकं माझ्या कपाळावर येत, म्हणून मी तोंडाच्या फटीतून बघायचो. त्यातून हनुमानाचं फक्त शेपूट दिसे. सगळा उपदेश मी त्या शेपटाला केला. घरी आल्यावर आई म्हणाली, ‘काही दिसत नव्हतं रे तुझं, पण चाल अगदी अण्णांची.’ अण्णा म्हणजे तेच, विडीवाले आजोबा.

जगभरातल्या हौशी मंडळींचं इतकी वर्षं चाललेलं भांडणही चालीवरूनच आहे. २० ऑक्टोबर १९६७ रोजी उत्तर कॅलिफोर्नियातल्या ब्लफ क्रीकपाशी रॉजर पॅटरसन आणि बॉब गिमलिन घोड्यांवरून चालले होते. पॅटरसनकडे भाड्याचा १६ मिलिमीटरचा कॅमेरा होता. त्याने टिपलेली फिल्म मिनिटभराची. एक केसाळ मादी हात हलवत ओढ्याकाठून निघून जाते, जाता जाता एकदा वळून बघते. कुणी म्हणतं माणूस असा गुडघे वाकवून चालूच शकत नाही, कुणी म्हणतं हा माणूसच. पॅटरसनने त्याच वर्षी बिगफूटवर सिनेमा करायला घेतला होता, हे कळलं की आपणही दुसऱ्या बाजूला सरकतो. पोशाखात मीच होतो असं सांगणारा एक गृहस्थही पुढे आला.

मी त्यातलं काही मानत नाही. एवढ्या उंचीचं जनावर इतक्या वर्षांत एक हाडसुद्धा मागे ठेवत नाही म्हणजे काय! पॅटरसन कर्करोगाने गेला, तोही १९७२ मध्येच, आणि अखेरपर्यंत त्याने आपलं म्हणणं बदललं नाही. तेही सोडून देता येतं. फिल्म त्याची होती.

गिमलिनचं मात्र सोडवत नाही. तो मित्राबरोबर गेला होता इतकंच. पुढे कित्येक वर्षं तो प्रसिद्धीपासून लांब राहिला, लोक हसत राहिले. म्हातारपणी लोकांसमोर आला तेव्हाही जे पाहिलं ते पाहिलं, असंच म्हणाला. आईने त्या रात्री मला अण्णांच्या चालीवरून ओळखलं नसतं, आणि आत मीच होतो हे जन्मभर कुणी मानलं नसतं, तर मी किती वर्षं सांगत राहिलो असतो, कोण जाणे.